'झू स्टोरी'तला पीटर बाकावरून उठून का जात नाही?

तिसरी घंटा (धागालेखक)
आमच्या नाट्यशास्त्राच्या वर्गात या सत्रात अमेरिकन नाटककार एडवर्ड ऑल्बीची 'द झू स्टोरी' ही एकांकिका बसवतोय. लेखन १९५८चं, पहिला प्रयोग १९५९ साली बर्लिनमध्ये. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, उन्हाळ्यातली रविवारची दुपार. पीटर बाकावर वाचत बसलाय. जेरी नावाचा अनोळखी माणूस येतो, बोलत सुटतो आणि शेवटी पीटरच्या हातातल्या सुरीवर स्वतःला झोकून देतो.

मी पीटर करतोय. जेरीची कुत्र्याची गोष्ट सुरू झाली की पीटरला पानंच्या पानं वाक्य नाही. घरमालकिणीचा काळा कुत्रा जेरीच्या अंगावर धावून येतो. जेरी आधी त्याला हॅम्बर्गर खाऊ घालतो, मग विष घालतो. कुत्रा मरता मरता वाचतो. त्यानंतर दोघं एकमेकांकडे नुसतं बघतात आणि आपापल्या वाटेने जातात, बस्स.

एका तालमीत सरांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. हातांचं काय करावं कळेना. मग जेरी करणाऱ्या मित्राच्या ओठावरचा घाम दिसायला लागला, वाक्याआधी तो श्वास कुठे घेतो ते ऐकू यायला लागलं. कुत्रा जगावा असं आपल्याला वाटत होतं, हे तो म्हणाला आणि माझा हात आपोआप सरकला, बाकावर त्याच्यासाठी जागा करायला. हे बसवलेलं नव्हतं. सरांनी ते ठेवलं.

माझं म्हणणं एवढंच की माणूस माणसापर्यंत पोचतो तो इथे, सुरीपाशी नव्हे. पीटर उठून जाऊ शकतो, तरी जात नाही. ऐकत राहणं हीच त्याची कृती आहे.

दुसरी रांग
अजिबात पटलं नाही. हे भाषण भरपूर हालचालींनिशी करावं, पीटरवर आणि प्रेक्षकांवरही संमोहनासारखा परिणाम व्हावा, असं ऑल्बीने रंगसूचनेतच लिहून ठेवलंय. संमोहित माणूस ऐकतो की अडकतो? गोष्ट संपल्यावर पीटर ओरडतो, मला कळत नाही, मला आणखी ऐकायचं नाही. तुमच्या लेखात हे कुठेच नाही.

आणि मी बाई म्हणून सांगते. बागेत शेजारी येऊन 'लग्न झालंय का, मुलं किती' विचारणारा माणूस मला चांगला माहीत आहे. अशा वेळी उठता येत नाही, कारण उठल्यावर तो काय करील याचा अंदाज नसतो. बाहेरून ते ऐकून घेणंच दिसतं. आत पोटात गोळा आलेला असतो. पुढे जेरी पीटरला ढकलतो, गुद्दे मारतो, थोबाडीत देतो, तोंडावर थुंकतो. घरी बायको, दोन मुली, दोन मांजरं, दोन पोपट असलेला हा माणूस आज रात्री झोपणार कसा? आपला एकटेपणा संपवायला दुसऱ्याच्या हाताला रक्त लावणं याला मी संवाद म्हणणार नाही.

विंगेतून
एक भर घालतो. २००४ साली ऑल्बीने याच्या आधीचा अंक लिहिला, 'होमलाइफ'. त्यात पीटर घरी वाचत बसलाय. बायको, अ‍ॅन, येऊन म्हणते, आपण बोलायला हवं. ती निघून गेल्यावर याच्या लक्षात येतं की कुणीतरी काहीतरी म्हणालं. बायकोचं एक वाक्य ज्याच्या कानावर पडत नाही, तोच बागेत परक्याची एवढी लांब गोष्ट ऐकतो. म्हणून मी धागालेखकाच्या बाजूने. भीती असेलच, पण नुसत्या भीतीने माणूस इतका वेळ बसत नाही.

दुसरी रांग
बसतो. मी बसले आहे.

तिसरी घंटा
ताई, तुमचं हे वाचून थांबलो. पीटरच्या त्या ओरडण्याला मी आतापर्यंत रडवेला सूर लावत होतो, कारण मला तो हेलावलेला वाटत होता. घाबरलेल्या सुरात ते वाक्य कधी म्हणून बघितलंच नाही. पण शेवटी मरता मरता जेरी रुमालाने सुरीची मूठ पुसतो, पुस्तक घेऊन निघून जा म्हणून पीटरला सांगतो. ही काळजी खोटी कशी मानू?

दुसरी रांग
खोटी नाही, उशिराची आहे. ठसे पुसावे लागतील असं काहीतरी आपण याच्या गळ्यात घातलंय, हे त्याला कळतं म्हणून तो पुसतो. तुमचा तो हात ठेवा, चांगला आहे. फक्त सरकण्याआधी पीटरला एकदा बागेच्या वाटेकडे बघू द्या, कुणी येतंय का ते.

तिसरी घंटा
उद्या सकाळी तालीम आहे. आधी वाटेकडे बघतो, मग हात. सरांना आत्ता काही सांगत नाही.