मदत हवी आहे: दाजींचं बाहेर आहे, ताईला धोका आहे, कंडोमचा विषय कसा काढू?

नमस्कार मंडळी, नवीन आयडी काढून लिहितोय, कारण समजून घ्या. मी कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. दाजी ट्रकवर आहेत, जेएनपीटी बंदरावरून माल भरला की बेंगळुरू लाईन, महिना दीड महिन्यातनं एकदा गावी. ताई गावी सासूसासऱ्यांजवळ, दोन पोरं आहेत.

मागच्या महिन्यात जेवताना दाजींनी स्वतःहून सांगितलं की दीड वर्ष झालं, हायवेला एका बाईकडे जातात. मी ताटावरनं उठलोच. मग वाटलं माणूस आपल्याजवळ बोललाय तर ऐकून तरी घेऊ. ते म्हणाले आधी धंद्यावरच्या बायकांकडे जायचो तेव्हा कंडोम असायचाच, त्याशिवाय बाईच ऐकायची नाही आणि संस्थेची पोरं ट्रक टर्मिनलला येऊन फुकट पाकिटं देऊन जायची. पण ही तशी नाही, चहाची टपरी चालवते, जीव लावते, सुरुवातीला चारपाच वेळा वापरला मग सोडला, आता परत काढला तर तिला वाटेल माझ्यावर भरवसा नाही. प्यायलेले असले तर विचारायलाच नको. म्हणजे जिथं ओळख वाढली तिथंच कंडोम सुटला, आणि त्या बाईलाही दाजींकडनं काही होऊ शकतं हे त्यांच्या डोक्यातच नाही.

आता खरी अडचण. ताईचं धाकट्याच्या वेळी ऑपरेशन झालंय. दाजी म्हणतात "घरी कंडोम नेला तर तुझी बहीण विचारेल की ऑपरेशन झाल्यावर हे कशाला, काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे कंडोम म्हणजे पोर होऊ नये म्हणून, एवढंच बसलंय डोक्यात, ऑपरेशननं आजार अडत नाही हे ताईला कोणी सांगितलंच नसणार. गावातला मेडिकलवाला पण सासरच्या नात्यातला, तिथं मागणार कोण.

तपासणीचं म्हटलं तर "मी धडधाकट आहे, मला काय झालंय". मी 1097 ला, एड्सच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला, फुकट आहे तो, त्यांनी सांगितलं एचआयव्ही अंगात असला तरी वर्षानुवर्षं बाहेरून काही दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात जत्रा आहे, दाजी चार दिवस घरी असणार. मला झोप नाही. ताईला सांगून टाकू का? की दाजींनाच कसंतरी समजावू? आणि घरी कंडोमचं कारण काय सांगायचं? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद:
मी सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक होते. दाजी आपणहून बोलले म्हणजे त्यांनाही आतून भीती आहे, ती धरून बोला, चारित्र्यावर जाऊ नका, नाहीतर परत तोंड उघडणार नाहीत. जत्रेच्या आधीच तपासणीला न्या, फुकट असते, रिपोर्ट गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आत्ता निगेटिव्ह आला तरी शेवटच्या संबंधाला तीन महिने झाल्यावर परत करायची, तोवर घरी कंडोम नाहीतर लांब राहायचं. सोबत गुप्तरोगाची तपासणी पण करून घ्या, सरकारी दवाखान्यात "सुरक्षा क्लिनिक" अशी पाटी असते, तिथे उपचार मिळतात. घरी खोटं कारण रचू नका, ते चार दिवस टिकतं. ताईला तिच्याच जिवाबद्दल अंधारात ठेवणं बरोबर नाही, पण सांगायचं दाजींनी. त्यांना एकट्यानं जमत नसेल तर समुपदेशक दोघांना घेऊन बसतात. आणि पॉझिटिव्ह आलंच तर गोळ्या फुकट आहेत, रोज घेतल्या तर माणूस व्यवस्थित जगतो, हे त्यांना आधीच सांगा, पुष्कळजण ह्याच भीतीनं तपासणीला येत नाहीत.

धागाकर्ता:
मॅडम, खूप आभार. काल रात्री दाजींशी हेच सगळं बोललो, एक शब्द वर चढवला नाही. बराच वेळ गप्प होते, मग विचारलं "तू येशील ना बरोबर?" सोमवारी सुट्टी टाकलीय.