स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा: लेझरचा सल्ला स्वीकारावा का?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

माझ्या वडिलांचे वय ६७ असून त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. २०१९ साली त्यांच्या हृदयाच्या डाव्या धमनीत एक स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसवला होता. त्यानंतर रोज सकाळी आनंदवलीहून सोमेश्वरपर्यंत चालत जाणारे बाबा दिवाळीपासून अर्ध्या वाटेतच छातीवर हात ठेवून थांबू लागले, म्हणून पुन्हा अँजिओग्राफी केली. त्याच स्टेंटच्या आत ८० टक्के अडथळा निघाला. आधी लेझर आणि नंतर औषधी बलून (औषधाचा लेप दिलेला फुगा), असे डॉक्टरांनी सुचवले आहे. घरात मात्र दोन तट पडले आहेत. आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या मजकुरानुसार लेझरने सगळा ब्लॉकेज जळून जातो आणि पुढे गोळ्यांचीही गरज उरत नाही. धाकट्या काकांना तर धमनीच्या आत काही जाळायचे ही कल्पनाच सहन होत नाही. लेझर नेमके काय करते आणि बाबांसारख्या रुग्णाला त्याची खरोखर गरज असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

मी बारा वर्षे कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून काम करतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. प्रथम काकांची भीती. १९८० च्या दशकातील सुरुवातीची लेझर यंत्रे सतत उष्णता देत असत आणि त्यामुळे धमनीला इजा होत असे, त्यामुळे त्यांची शंका अगदीच निराधार नाही. आज वापरतात ते एक्सायमर लेझर ३०८ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे असून ते अतिशय अल्प काळाच्या स्पंदांत सोडले जाते. हे किरण कॅथेटरच्या (धमनीत सरकवलेल्या बारीक नळीच्या) टोकापासून जेमतेम ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकेच आत जातात आणि पेशींमधील रासायनिक बंध तोडत अडथळ्याच्या थराचे अगदी बारीक कण करतात. (चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी वापरतात तेही एक्सायमरच, फक्त १९३ नॅनोमीटरचे.)

प्रत्यक्षात यंत्र तापवून आणि तपासून घेतल्यावर रुग्णासकट सर्वांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे चढतात. लेझर चालू असताना धमनीतून सलाईन सोडत राहावे लागते, कारण रक्तात किंवा डायमध्ये (एक्स-रेवर धमनी दिसावी म्हणून सोडलेल्या द्रवात) किरण शोषले गेले की बुडबुडे फुटून धमनीच्या भिंतीला धक्का बसतो. कॅथेटर सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने सरकवायचा असतो. घाई करणाऱ्या हातात हे काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धमनी चिरण्याचा किंवा तिला छिद्र पडण्याचा धोका कमी असला तरी शून्य नाही.

आत्यांच्या मजकुरातील दावा मात्र चुकीचा आहे. लेझर वाट मोकळी करते, धमनी पूर्ण रुंद करत नाही. ते काम बलूनचे, आणि गरज पडल्यास नव्या स्टेंटचे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तर सुरूच राहतात.

उत्तर २ (मुंबई नाका)

माझ्या आईच्या वेळी एका ठिकाणी ‘अत्याधुनिक उपचार’ म्हणून लेझरच पुढे केले गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीची सीडी पुन्हा पाहून धमनीत कॅल्शियमचे कडे असल्याचे सांगितले आणि हिऱ्याच्या कणांनी मढवलेल्या, वेगाने फिरणाऱ्या रोटा नावाच्या उपकरणाने ते घासून घेतले. कठीण चुन्यावर लेझरचा प्रभाव मर्यादित पडतो, हे आम्हाला तेव्हा कळले. साध्या अडथळ्यांतही लेझर सरसकट सरस ठरत नाही: नेदरलँड्समधील ज्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले, तिच्यात लेझर नुसत्या बलूनपेक्षा वरचढ ठरले नव्हते. आपल्या वडिलांचे प्रकरण वेगळे आहे. स्टेंटमध्ये वाढलेला पेशींचा थर, पूर्ण न उघडलेला स्टेंट, बलून पलीकडे न जाणारी धमनी, अशाच ठिकाणी ते उपयोगी पडते. तेव्हा ‘लेझर चांगले की वाईट’ असे विचारू नका. ‘आमच्या स्टेंटमध्ये आहे ते मऊ की कठीण, आणि हे कशावरून ठरवले’ असे विचारा.

उत्तर ३ (प्रश्नकर्ता)

दोघांचेही आभार. आज सीडी घेऊन पुन्हा भेटलो. धमनीच्या आतून प्रकाशाने काढलेल्या ओसीटीच्या चित्रांत स्टेंट पूर्ण उघडलेला दिसतो आणि त्याच्या जाळीच्या आत पेशींचा जाड थर आहे. कॅल्शियम नगण्य आहे. डॉक्टरांनी तो थर पडद्यावर बोट ठेवून दाखवला, तेव्हा काकाही खुर्ची पुढे ओढून पाहत बसले. मूत्रपिंडाचा अहवाल ठीक असल्याने गुरुवारची वेळ ठरली आहे. बाबांनी फक्त चष्म्याबद्दल विचारले: स्वतःचा नंबरचा चष्मा त्याखाली घालता येईल का?