'देवाचा पुत्र' आणि 'मनुष्याचा पुत्र': पाठ घेताना अर्थ कसा उलगडायचा?

खानापूरकर (प्रश्न)

तरुण मंडळासाठी पाऊण तासाचा पाठ तयार करतोय, विषय पुत्रपण. मुलं मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची आहेत, त्यामुळे पवित्र शास्त्राच्या दोन्ही भाषांतल्या प्रती समोर असतात. नेहमीचं सांगणं असं, की 'देवाचा पुत्र' म्हणजे येशूचं देवपण आणि 'मनुष्याचा पुत्र' म्हणजे त्याचं मनुष्यपण. पण ईयोब १:६ मध्ये देवदूतांना देवपुत्र म्हटलंय, निर्गम ४:२२ मध्ये इस्राएलाला, लूक ३:३८ मध्ये आदामाला आणि रोम ८ मध्ये आपल्यालाही. मग येशूचं वेगळेपण कशात राहिलं? वचनांसकट सांगा, आणि शिकवताना कुठे घसरायला होतं तेही सांगा.

बेळगाव कॅम्प

ती सोपी वाटणी आधी बाजूला ठेवा. घोळ तिथूनच सुरू होतो.

सुरुवात हिब्रू 'बेन' या शब्दापासून करा. बेन म्हणजे मुलगा, पण नातं, जात, स्वभाव आणि हक्क हे सगळं त्या एका शब्दात मावतं. आपल्या भागात 'भूमिपुत्र' म्हटलं की मातीला मूल कसं झालं, असं कुणी विचारत नाही. तसंच तिथे आहे. मार्क ३:१७ मध्ये याकोब आणि योहान 'गर्जनेचे पुत्र', प्रेषितांची कृत्ये ४:३६ मध्ये बर्णबा 'बोधपुत्र'. ही दोन उदाहरणं दिली की मुलांचा निम्मा गोंधळ मिटतो.

जुन्या करारात 'देवाचा पुत्र' मुख्यतः तीन अर्थांनी येतो. एक, स्वर्गातल्या सभेतले देवदूत (ईयोब १:६, ३८:७). दोन, इस्राएल राष्ट्र. निर्गम ४:२२ मध्ये ते 'ज्येष्ठ पुत्र' आहे आणि होशेय ११:१ मध्ये मिसरातून बोलावलेला पुत्र. मत्तय २:१५ हेच वचन येशूला लावतो, म्हणजे राष्ट्राची वाट तो पुन्हा चालतोय. तीन, दावीदाच्या गादीवरचा राजा: २ शमुवेल ७:१४ आणि स्तोत्र २:७. 'आज मी तुला जन्म दिला' यातला 'आज' राज्याभिषेकाचा आहे, बाळंतपणाचा नव्हे. हा राजा हाडामांसाचा माणूस आहे, चुकला तर त्याला शिक्षा करीन असं त्याच ७:१४ मध्ये पुढे म्हटलंय. म्हणजे 'देवाचा पुत्र' ही पदवी माणसाला मिळालेली दिसते.

आता उलट बाजू बघा. यहेज्केलात देव संदेष्ट्याला ९० हून अधिक वेळा 'मानवपुत्रा' अशी हाक मारतो. तिथे अर्थ साधा आहे: मर्त्य माणूस. पण दानीएल ७:१३ मध्ये मानवपुत्रासारखा कोणी आकाशातल्या मेघांसह येतो आणि त्याला कधीही न ढळणारं राज्य मिळतं. मेघांवर येणं जुन्या करारात देवाचं असतं. म्हणून मार्क १४:६१-६२ सावकाश वाचा. प्रमुख याजक 'धन्यवादिताचा', म्हणजे देवाचा, 'पुत्र' आहेस का असं विचारतो. येशू 'मी आहे' म्हणतो, पण पुढे बोलतो तो मनुष्याच्या पुत्राबद्दल: सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेला (स्तोत्र ११०:१) आणि मेघांसह येणारा. याजक कपडे फाडतो तो हे ऐकल्यावर. नम्र वाटणारं नावच तिथे सगळ्यात मोठा दावा करतं.

इथे भाषांतराची एक अडचण आहे. आपल्या नेहमीच्या मराठी प्रतीत जुन्या करारात 'मानवपुत्र' आहे आणि शुभवर्तमानांत 'मनुष्याचा पुत्र'. कन्नड प्रतीतही यहेज्केलात 'नरपुत्र' आणि शुभवर्तमानांत 'मनुष्यकुमार'. शब्द बदलला की धागा तुटतो, आणि मुलांना दानीएल आठवतच नाही. दोन्ही वचनं शेजारी लिहून दाखवा.

निपाणीकर

वरचं सगळं पटलं. वेगळेपणाचा मुद्दा योहानाकडून घ्या, कारण तो शब्द मोजून वापरतो. विश्वास ठेवणाऱ्यांसाठी तो ग्रीक 'टेक्ना' म्हणजे मुलं म्हणतो (योहान १:१२, १ योहान ३:१), आणि 'हुइऑस' म्हणजे पुत्र हा देवाशी असलेल्या नात्याचा शब्द फक्त येशूसाठी राखून ठेवतो. योहान २०:१७ मध्ये येशू 'माझा पिता व तुमचा पिता' म्हणतो, 'आपला पिता' म्हणत नाही. नातं दोघांचं आहे, पण एकाच तऱ्हेचं नाही.

दोन शब्दांवर हमखास चूक होते. 'एकुलता एक' (योहान ३:१६) हा ग्रीक 'मोनोगेनेस', आणि त्याचा रोख संख्येपेक्षा अनन्यतेवर आहे. इब्री ११:१७ मध्ये इसहाकालाही तोच शब्द आहे, आणि अब्राहामाला इश्माएल होताच. दुसरा 'ज्येष्ठ' (कलस्सै १:१५). यावरून येशू आधी निर्माण झाला असं काढणारे भेटतील. त्यांना स्तोत्र ८९:२७ दाखवा. तिथे देव दावीदाला ज्येष्ठ 'करतो', आणि दावीद तर इशायाच्या घरातला धाकटा (१ शमुवेल १६:११). ज्येष्ठपण हा मान आहे, जन्मक्रम नव्हे. इ.स. ३२५ च्या निकीया परिषदेने, म्हणजे मंडळीच्या धर्माध्यक्षांच्या सभेने, 'जनित (जन्मलेला), निर्मित नव्हे' हे शब्द ठरवले ते ह्याच वादात.

रोम १:३-४ मात्र वगळू नका. देहाने दावीदाच्या वंशातला, पुनरुत्थानाने सामर्थ्याने देवाचा पुत्र ठरलेला. मानवी आणि दैवी पुत्रपण तिथे दोन ओळींत एकत्र आलंय.

खानापूरकर

फार उपयोग झाला. एक राहिलं: रोम ८:१५ चा 'दत्तकपणाचा आत्मा'. 'दत्तक' म्हटलं की मुलं दुय्यम दर्जा समजतात. शिवाय मुली विचारणारच, आम्ही 'पुत्र' कसे?

चिकोडीची वाचक

पौल हा शब्द पाच ठिकाणी वापरतो: रोम ८:१५, ८:२३, ९:४, गलती ४:५, इफिस १:५. ग्रीक 'हुइओथेसिया' म्हणजे पुत्राच्या जागी बसवणं. आपल्याकडे दत्तक घेतात ते वंश चालवायला, पोटचा नसतो म्हणून. ती कल्पना इथे लावू नका, देवाला पुत्र आहेच. रोमी रीतीत दत्तक गेलेला जुन्या बापाच्या सत्तेतून सुटायचा आणि नव्या घरात पोटच्या मुलाइतकाच वारस व्हायचा. दत्तक बहुधा मोठा माणूस असे. ऑगस्टसला जूलियस सीझरने मृत्युपत्राने असंच घेतलं होतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या मुलांना कित्तूर ठाऊक असतं. राणी चन्नम्मांनी शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, कंपनी सरकारने ते मानलं नाही आणि १८२४ मध्ये लढाई पेटली. दत्तकाला मान्यता कोण देतो यावर गादी ठरते, हे त्यांना लगेच कळेल. मग रोम ८:१६ वाचा: तिथे आत्मा स्वतः साक्ष देतो, आणि ८:१७ मध्ये वारसा येतो. पण ८:२३ चुकवू नका, तिथे हेच दत्तकपण अजून यायचं आहे, शरीराची मुक्ती म्हणून.

कन्नड प्रत इथे मदतीला येते. तिच्यात रोम ८:१५ ला 'दासन भाव' आणि 'मगन भाव' असे समोरासमोर शब्द आहेत, दासाचा भाव आणि मुलाचा भाव. दुय्यमपणाचा वास त्याला नाही. दोन्ही मोठ्याने वाचायला लावा.

मुलींसाठी गलती ३:२६ ते ४:७ सलग वाचा, तुकडे करू नका. त्या काळी घरचा वारसा मुख्यत्वे मुलाकडे जाई. 'पुरुष नाही, स्त्री नाही' (३:२८) असं म्हणून पौल सगळ्यांना 'पुत्र' म्हणतो, म्हणजे मुलीच्या पदरातही वारसाचा पूर्ण वाटा टाकतो. तिथे घाईने 'मुलं' असं बदललं तर तो वाटाच दिसेनासा होतो. 'पुत्र व कन्या' असा जोड हवा असेल तर २ करिंथ ६:१८ आहे.

पाऊण तासात सगळं बसणार नाही. 'बेन' आणि भूमिपुत्र दहा मिनिटं, दानीएल ७ आणि मार्क १४ पंधरा, गलती पंधरा, उरलेला वेळ प्रश्नांना. निकीया पुढच्या रविवारी घ्या.