कथक: सहा वर्षांच्या मुली आणि अडुसष्ट वर्षांच्या आजी, दोघींना कसं शिकवू?

ठाण्याची_तिहाई:
नमस्कार. मी २९ वर्षांची, कथक विशारद. आठवडाभर नोकरी, आणि शनिवार-रविवार सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये ११ मुलींना शिकवते. वयं ६ ते १२. नातींना सोडायला येणाऱ्या दोन आजी हल्ली वर्ग संपेपर्यंत बसून असतात. परवा त्यातल्या एकीने विचारलं, "आम्हाला घेशील का गं?" एक ६४ वर्षांच्या, दुसऱ्या ६८ च्या, त्यांचे गुडघे दुखतात. मी हो म्हणून बसले आहे. आता सुरुवात कुठून करू?
दुसरं म्हणजे नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं असं फार वाटतं. घरचे म्हणतात, यावर पोट भरत नाही. शिवाय माझं स्वतःचंच शिक्षण अजून चालू आहे, मग शिकवायचा अधिकार आहे का, हेही मनात येत राहतं. अनुभवी मंडळींनी सांगावं.

गोदाकाठ:
वयाने लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते. मी नाशिकला १९९२ पासून कथक शिकवते. चार मुली आणि एक उसना हार्मोनियम एवढ्यावर सुरुवात झाली होती.
आजींसाठी वेगळं 'सोपं कथक' बनवू नकोस. ती चूक मी केली आहे. पन्नाशीपुढच्या बायकांची बॅच काढली आणि त्यांना चार हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, नि एक भजन बसवून दिलं. दोन महिन्यांत निम्म्या गळाल्या. एकजण जाताना म्हणाली, "बाई, आम्ही शिकायला आलो होतो." ते मला फार लागलं. तेव्हापासून वय काहीही असो, पहिल्या दिवशी सोळा मात्रांचा तीनतालच. आजींची लय विलंबित, अगदी संथ ठेव, पण मात्रा सोळाच्या सोळा दे.
तत्कारात, म्हणजे पायांच्या पहिल्या धड्यात, सगळे कुठे अडकतात ते तुला ठाऊक आहे. ता थेई थेई तत्, उजवा डावा उजवा डावा, इथवर सुरळीत. मग पुढच्या 'आ थेई थेई तत्'मधल्या 'आ'ला परत डावाच टाकायचा असतो आणि पाय उजवा उचलला जातो. सहा वर्षांची मुलगी तिथेच चुकते, चाळिशीतला इंजिनिअरही तिथेच, सत्तरीची बाईही तिथेच. मूल चुकलं की हसतं आणि पुन्हा सुरू करतं. मोठं माणूस थांबतं आणि कुणी पाहिलं का ते बघतं. म्हणून नवीन मोठ्या माणसांना मी पहिला महिनाभर आरशाकडे पाठ करून उभं करते.
गुडघ्यांचं आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लाव. थेट सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर पाय आपटायला देऊ नकोस, चक्कर तर नकोच. खुर्चीत बसून हाताने टाळी-खाली दाखवत ताल धरायचा आणि तोंडाने पढंत, म्हणजे बोल म्हणायचे, एवढ्यावर तीन-चार महिने सहज जातात, आणि ते कथकच आहे.
माझ्याकडे पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. त्यांना उभं राहून तत्कार जमणारच नव्हता. वर्षभर त्या खुर्चीत बसून मांडीवर ताल धरायच्या. एका पावसाळी संध्याकाळी मुलींचा वर्ग चालू असताना लाइट गेली, लेहऱ्याचं, म्हणजे तालाची धून वाजवणारं, मशीन बंद पडलं. मुली थांबणार, एवढ्यात कोपऱ्यातून बाईंचा आवाज आला: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता... अंधारात बारा मुलींचे पाय त्या आवाजावर चालत राहिले आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्या एकदम आल्या. मी दाराशी मेणबत्ती घेऊन उभी होते, काडी ओढायचं विसरले. पुढची तीन वर्षं मुलींना पढंत त्यांनीच शिकवली.
आता पोटाचं. पहिली सहा वर्षं नाही भरलं, खोटं कशाला सांगू. एका शाळेने स्नेहसंमेलनासाठी दोन महिने राबवून घेतलं आणि मानधन दिलंच नाही. तेव्हापासून बाहेरच्या कामाचे निम्मे पैसे आधी घेते. वर्गाची फी पाच तारखेच्या आत, आणि मागताना लाजायचं नाही. मे महिन्यात वर्ग ओस पडतो, दहावी आली की मुली सोडतात. मोठ्यांना दहावी नसते! सकाळी ११ ते १२, मुलं शाळेत असताना, हॉल रिकामा असतो. माझं घर त्या तासावर उभं राहिलं.
अधिकाराचं म्हणशील, तर कथकच्या गुरू रोहिणीताई भाट्यांनी पुण्यात १९४७ साली नृत्यभारती ही आपली संस्था सुरू केली आणि त्यानंतरही लच्छू महाराज, मोहनराव कल्याणपूरकर या गुरूंकडे त्या शिकत राहिल्या. शिकणं संपल्यावर शिकवायचं ठरवलं, तर कुणीच शिकवणार नाही.

साठीतली_प्रारंभिक:
मी शिकवत नाही, शिकते. ५८ व्या वर्षी सुरुवात केली, आता ६१. एकच सांगते, आजींना रागवा. सगळीकडे लोक म्हणतात, "तुमच्या वयाच्या मानाने छान जमतंय." माझ्या बाई म्हणतात, "कोपर पडलं, पुन्हा." तेवढ्यासाठी मी दोन बस बदलून जाते. प्रारंभिकच्या, म्हणजे कथकच्या अगदी पहिल्या परीक्षेला रांगेत माझ्यामागे आठ वर्षांची मुलगी होती. तिने खाली वाकून माझी घुंगरांची दोरी घट्ट बांधून दिली, "आजी, सुटत होती" म्हणाली. परीक्षेला त्यांना जरूर बसवा.

ठाण्याची_तिहाई:
काय बोलू, दोघींचे मनापासून आभार. काल पहिला वर्ग झाला. ६८ वर्षांच्या आजी खुर्चीत, तळवे मांडीवर. 'आ'ला त्यांचाही उजवाच हात पडत होता. त्यांची नात समोर बसून "डावा, आजी, डावा" म्हणत होती, आणि पाचव्यांदा बरोबर पडल्यावर आजींनी डोळेच मिटून घेतले. वर्ग संपल्यावर म्हणाल्या, "घुंगरू कधी आणायचे?" मी काय सांगू?

गोदाकाठ:
नातीला तिथेच बसू दे, फार छान शिकवते आहे. नोकरी मात्र इतक्यात सोडू नकोस. आजींच्या सहा जणी होऊ देत, वर्षभराच्या फीचा हिशेब वहीत मांड आणि मग बोलू.
घुंगरू आत्ताच आणा. तुझ्या-माझ्या पायात शंभर-शंभर असतात, त्यांना पंचवीस पुरेत. पितळी घे, सुटे घे, आणि जाड सुती दोरी. ओवायचं काम आजींनाच दे. प्रत्येक घुंगरापुढे एक गाठ, आणि गाठ मारताना बोल तोंडाने म्हणायचा. पंचविसाव्या घुंगरापर्यंत ठेका पाठ झालेला असेल.