मदत हवी आहे: राउटर बदलल्यापासून प्रिंट काहींचीच, स्कॅन गायब. एलपीडी, डब्ल्यूएसडी, एसएमबी हे काय प्रकरण आहे?

खतावणी

नमस्कार मंडळी. मी हिशेब बघते. पण एकदा कुणाचा तरी माऊस चालू करून दिला, तेव्हापासून ऑफिसात काही बिघडलं की "तुला जमतं ना" म्हणत सगळे माझ्याच टेबलापाशी येतात. त्यामुळे उत्तर देताना मला काही येत नाही असंच धरून चाला.

आमच्याकडे प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स तिन्ही करणारं एक मोठं मशीन आहे, केबलने नेटवर्कला जोडलेलं. सहा संगणक, सगळे विंडोजचे. मागच्या आठवड्यात राउटर बदलला आणि तेव्हापासून:

चार संगणकांवरून प्रिंट झकास येते. माझ्या आणि साहेबांच्या संगणकावरून येत नाही. काम रांगेत जाऊन बसतं ते बसतंच.

पूर्वी मशीनसमोर उभं राहून पडद्यावरचं माझं नाव दाबलं की पीडीएफ थेट माझ्या 'स्कॅन' फोल्डरमध्ये यायची. आता 'कनेक्शन एरर'. साहेबांचंही तेच. मात्र त्या बाकीच्या चार संगणकांवर बसून स्कॅनचं सॉफ्टवेअर उघडलं तर स्कॅन येतो! म्हणजे स्कॅनर ठीक आहे ना?

मशीन तीनदा बंद-चालू करून झालं. ड्रायव्हर काढून परत टाकला. मशीनमधून नेटवर्कच्या माहितीचा कागद छापला, तर त्यावर डीएचसीपी, एलपीडी, पोर्ट ९१००, आयपीपी, डब्ल्यूएसडी, एमडीएनएस, एसएनएमपी, एसएमबी, एसएमटीपी, एलडीएपी अशी रांग आणि प्रत्येकापुढे 'ऑन'. मशीन बसवून देणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "सगळं चालू राहू द्या, कशाला हात लावू नका." हात न लावता दुरुस्त कसं करायचं ते नाही सांगितलं.

यातलं कुठलं माझ्या कामाचं?

केबलओढ्या

दोन गोष्टी सांगा. त्या कागदावर आयपी ॲड्रेस काय छापलाय? आणि तुमच्या संगणकावर त्या प्रिंटरच्या 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट्स' टॅबवर कशासमोर बरोबरची खूण आहे? चालणाऱ्या एखाद्या संगणकावरही तेच बघून या.

खतावणी

कागदावर १९२.१६८.०.२३.
माझ्याकडे आणि साहेबांकडे 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट', १९२.१६८.१.५०.
बाकी चौघांकडे 'डब्ल्यूएसडी' आणि त्यापुढे मुंगळ्यांच्या रांगेसारखं काहीतरी लांबलचक.

केबलओढ्या

सापडलं. तुमचे दोन संगणक जुन्या घरी पत्र टाकतायत.

जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होता, नवा १९२.१६८.० चे वाटतो. पत्ते वाटायच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. मशीनने नवा पत्ता मुकाट घेतला, पण तुमच्या दोघांच्या संगणकात जुना आकडा कुणीतरी हाताने लिहून ठेवलाय. बाकी चौघं डब्ल्यूएसडीवर आहेत. त्यात आकडा पाठ करायचा नसतो, संगणक नेटवर्कवर "अमुक मशीन कुठे आहे?" अशी हाक मारतो आणि मशीन "मी इथे" म्हणतं. म्हणून त्यांना राउटर बदललेला कळलाही नाही.

आधी ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत १९२.१६८.०.२३ टाका. मशीनचं स्वतःचं पान उघडलं तर रस्ता मोकळा आहे. मग 'पोर्ट्स'मध्ये 'ॲड पोर्ट' करून नवा पत्ता द्या. ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही. उगाच काढलात.

पण हे करण्याआधी राउटरमध्ये त्या मशीनचं रिझर्व्हेशन करा. मशीनच्या कागदावर मॅक ॲड्रेस असेल, बारा आकडे-अक्षरांचा. तो राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर देऊन सांगायचं की याला कायम हाच आयपी. जुन्या राउटरमध्ये कुणीतरी हेच केलेलं असणार आणि ते राउटरबरोबरच गेलं.

उलटा_स्क्रू

किंवा नव्या राउटरचाच पत्ता बदलून १९२.१६८.१ ची मालिका करा आणि मशीनला ५० राखून द्या. जुनं सगळं आपोआप जुळेल. मी असतो तर हेच केलं असतं.

केबलओढ्या

चालेल, पण मग सहाही संगणकांना नवे पत्ते घ्यावे लागतील आणि आकडा चुकला तर राउटरचं पानच उघडणार नाही. ताई पहिल्यांदाच करतायत. दोन पोर्ट बदलणं सोपं.

टोनर_संपला

स्कॅनचं कुणी बोललंच नाही. खरी मेख तिथे आहे.

खतावणीताई, कागदावरची ती रांग पाठ करू नका. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: हाक कोण कुणाला मारतंय?

प्रिंट देताना संगणक मशीनला हाक मारतो. पोर्ट ९१०० (पोर्ट म्हणजे दाराचा नंबर समजा), एलपीडी, आयपीपी, डब्ल्यूएसडी हे सगळे त्याच दिशेचे रस्ते, त्यातला एक चालू असला तरी प्रिंट निघते. ९१०० सगळ्यात रांगडा: जे येईल ते छापायचं, विचारपूस नाही. म्हणूनच नेटवर्क तपासायच्या एनमॅप नावाच्या साधनात ९१०० ते ९१०७ हे पोर्ट खोलवरच्या तपासणीतून मुद्दाम वगळलेले असतात, नाहीतर तपासणी संपेपर्यंत ट्रेमध्ये कचऱ्याची थप्पी पडते. एलपीडी युनिक्सच्या जमान्यातला, पोर्ट ५१५, त्याचा लेखी मसुदा १९९० चा. आयपीपी पोर्ट ६३१ वर, त्यात मशीन उलट बोलतंसुद्धा: कागद संपला, काम झालं, रंगीत जमतं की नाही. आजचे फोन बहुतेक याच रस्त्याने छापतात. एमडीएनएस म्हणजे डब्ल्यूएसडीसारखंच हाक मारून शोधणं, फक्त घराणं वेगळं.

संगणकावर बसून स्कॅन मागवता तेव्हाही संगणकच हाक मारतो. म्हणून त्या चौघांचं चालतंय.

मशीनसमोर उभं राहून तुमचं नाव दाबलं की मात्र गाडी उलटी फिरते. आता मशीन तुमच्या संगणकाचं दार वाजवतं. तो रस्ता एसएमबी, म्हणजे विंडोजमध्ये फोल्डर वाटून घेतो तोच, पोर्ट ४४५. मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये तुमच्या नावाखाली तुमच्या संगणकाचा पत्ता लिहिलेला असतो आणि तोही जुन्याच मालिकेतला असणार. पैज लावतो.

खतावणी

जिंकलात. मशीनच्या पानावर ॲड्रेस बुक उघडलं, माझ्या नावापुढे १९२.१६८.१.१२. माझा आताचा १९२.१६८.०.१४ आहे. मशीनबरोबर माझ्या आणि साहेबांच्या संगणकाचंही रिझर्व्हेशन करून टाकलं आणि दोन्ही नोंदी बदलल्या.

प्रिंट दोघांचीही सुरू! साहेबांनी मागे पडलेली अकरा पत्रं एकदम छापली, त्यातली सहा एकच पत्र होतं.

स्कॅन अजून 'कनेक्शन एरर'च.

झटपट

कंट्रोल पॅनलमधून एसएमबी १.० चालू करा. फायरवॉल बंद करा. दोन मिनिटांचं काम, आमच्याकडे असंच केलंय.

टोनर_संपला

कृपया यातलं काहीही करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. त्याच वर्षाच्या शेवटाकडे आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकलं तर एसएमबी १ चा बाहेरून येणाऱ्याला फोल्डर उघडून देणारा भाग मुळात बसतच नाही. ऑफिसातली फार जुनी मशीनं फक्त एसएमबी १ बोलतात, त्यामुळे हा सल्ला सगळीकडे फिरतो. पण ताईंचं स्कॅन मागच्या आठवड्यापर्यंत चालत होतं आणि विंडोज तेच आहे. बदलला फक्त राउटर. मग दोष तिथेच शोधायचा.

ताई, नवा राउटर लागला तेव्हा विंडोजने काही विचारलं होतं का? हा संगणक नेटवर्कवर इतरांना दिसू द्यायचा का, असं काहीतरी?

खतावणी

हो!! मी 'नको' म्हटलं. अनोळखी काही विचारलं की मी नेहमी नकोच म्हणते.

टोनर_संपला

सवय चांगली आहे, फक्त या वेळी नडली. विंडोजला नवा राउटर म्हणजे नवं नेटवर्क. तुम्ही 'नको' म्हटल्यावर त्याने ते 'पब्लिक' धरलं आणि ४४५ चं दार लावून घेतलं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' करा, आणि फाइल शेअरिंग चालू आहे ना तेही बघा. साहेबांच्या संगणकावरही. फायरवॉल चालूच राहू दे.

खतावणी

केलं. साहेबांचं स्कॅन आलं! माझं नाही. पण एरर बदलली, आता 'ऑथेंटिकेशन एरर' म्हणतं. ही प्रगती समजायची का?

टोनर_संपला

मोठी प्रगती. आधी दार सापडत नव्हतं, आता दारावरचा ओळखपत्र मागतोय. मधल्या काळात पासवर्ड बदललात? की पिन टाकून संगणक उघडता?

खतावणी

दोन्ही. पासवर्ड गेल्या आठवड्यात बदलला, राउटरच्या गोंधळात "सगळं नवं करू" म्हणून. रोज पिननेच उघडते. मशीनमध्ये पिन टाकून बघितला, नाही चालला.

टोनर_संपला

पिन फक्त त्या संगणकापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. खरा पासवर्ड लागतो. पण तुमचा स्वतःचा पासवर्ड मशीनमध्ये ठेवूच नका. संगणकावर 'स्कॅन' नावाचा वेगळा लोकल युजर काढा, त्याला भक्कम पासवर्ड द्या आणि फक्त त्या एका फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्या. परवानगी दोन ठिकाणी लागते, 'शेअरिंग' टॅबवर आणि 'सिक्युरिटी' टॅबवर. लोक दुसरी विसरतात आणि मग मशीनला शिव्या घालतात. मीही घातल्यात. असं केलंत की पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड बदललात तरी स्कॅनला त्याचा पत्ता लागणार नाही.

खतावणी

आलं!!! पहिला स्कॅन कोरा आला कारण कागद उलटा ठेवला होता, पण आला.

आता एक शेवटचं. साहेबांच्या संगणकावर प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो, आणि तरी अधूनमधून प्रिंट निघते. हे कसं?

केबलओढ्या

ते एसएनएमपी. विंडोज त्या रस्त्याने मशीनला "कशी आहेस?" विचारतं, पोर्ट १६१ वर. उत्तर आलं नाही की मशीन मेलं असं समजून मोकळं होतं. 'पोर्ट्स'मध्ये 'कॉन्फिगर पोर्ट' उघडा, खाली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड'ची खूण काढा. टोनर किती उरलाय ते कदाचित संगणकावर दिसणार नाही, मशीनच्या पानावर दिसेल.

उलटा_स्क्रू

मशीनच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड कंपनीतून आला तसाच असेल तर आजच बदला. ॲड्रेस बुकमध्ये आता एका युजरचा पासवर्ड बसलाय. आणि ९१०० राउटरमधून बाहेर इंटरनेटला उघडा करून ठेवू नका, कुणीही कुठूनही तुमच्या ट्रेमध्ये कागद ओतेल.

पाकीट_चिकटवा

धागा थोडा पळवतो. आमचं फोल्डरवर चालतं पण ईमेलवर स्कॅन जात नाही. जीमेलचं खातं, पोर्ट ५८७, पासवर्ड दहादा तपासला.

टोनर_संपला

तो एसएमटीपी. खात्याचा नेहमीचा पासवर्ड मशीनमध्ये टाकून जीमेलने मेल पाठवणं ३० मे २०२२ पासून बंद व्हायला लागलं. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, मग सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढता येतो, तो मशीनमध्ये टाका. तरीही नाही गेलं तर मशीनचं घड्याळ बघा. तारीख चुकीची असली की मशीनला समोरचं सर्टिफिकेट खोटं वाटतं. गेटवे (ऑफिसच्या नेटवर्कबाहेर जायचं दार) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) यांचे आकडेही बघा, ते चुकले तर फोल्डरवर स्कॅन जातं पण बाहेर मेल जात नाही. मशीन फार जुनं असून फक्त टीएलएस १.० (मेल कुलूपबंद पाठवायची जुनी पद्धत) बोलत असेल तर फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचा अपडेट शोधा. तो नसेल तर फोल्डरवरच समाधान माना.

पाकीट_चिकटवा

घड्याळात २००८ साल होतं. आभार.

खतावणी

एसएनएमपीची खूण काढली, साहेबांचा प्रिंटर जिवंत झाला. ॲडमिन पासवर्ड बदलला, कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटात ठेवला. रिझर्व्हेशनचे तीन आकडे राउटरच्या पाठीवर चिकटवलेत, पुढच्या वेळी राउटर बदलायला येणाऱ्यासाठी.

एलपीडी आणि एलडीएपी (मोठ्या कंपनीच्या यादीतून नावं-पत्ते शोधायचा रस्ता) आमच्या कामाचे नाहीत म्हणून बंद करून आज तिसरा दिवस. अजून कुणी टेबलापाशी आलेलं नाही.