साखर नाही, गूळ आहे: ‘ॲडेड शुगर’ला मराठीत काय म्हणायचं?

दुभाषी
एका बचत गटाच्या लाडवांच्या डब्यावरचा मजकूर मराठीत करायचा आहे. घटक: शेंगदाणे, गूळ, खजुराचा लगदा, सुंठ. इंग्रजी मसुद्यात दर्शनी बाजूला ठळक ‘नो ॲडेड शुगर’ आहे, मागच्या तक्त्यात ‘टोटल शुगर्स’ आणि ‘ॲडेड शुगर्स’. मी पुढे ‘साखर घातलेली नाही’ आणि मागे ‘एकूण साखर’, ‘अतिरिक्त साखर’ असं केलं होतं. तपासणाऱ्यांनी ‘अतिरिक्त’ खोडून ‘समाविष्ट’ लिहिलंय. मला दोन्ही खटकतात. काय लिहावं?

वेलदोडा
‘अतिरिक्त’ नकोच. मराठीत अतिरिक्त म्हणजे जादा ठरलेलं: अतिरिक्त शिक्षक, अतिरिक्त ऊस. ‘अतिरिक्त साखर ५ ग्रॅम’ वाचून वाटेल की हवी तेवढी होतीच, वर पाच ग्रॅम हात सैल सुटला. ‘समाविष्ट’ त्याहून वाईट, कारण लॅक्टोज, म्हणजे दुधातली मूळची साखर, तीही दुधात समाविष्टच असते. सरळ ‘घातलेली साखर’ लिहा. स्वयंपाकघरात साखर ‘घालतात’, समाविष्ट करत नाहीत.

तोलमाप
शब्द नंतर. आधी तो पुढचा दावाच काढा, तो कुठल्याही भाषेत चालणार नाही.

‘नो ॲडेड शुगर’ म्हणायचं तर नुसती पांढरी साखर टाळून भागत नाही. मध, काकवी, ग्लुकोज, कॉर्न सिरप सगळं वर्ज्य. साखरेची जागा घेणारे घटकही वर्ज्य, आणि कोडेक्सने, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी, त्याचं उदाहरण म्हणून सुकामेव्याचा लगदा दिलेला आहे. एफएसएसएआय, म्हणजे आपलं अन्न सुरक्षा प्राधिकरण, त्याचे २०१८चे दावे व जाहिरातींचे नियम तीच अट घेतात. म्हणजे गूळ काढून नुसत्या खजुरावर लाडू वळले तरी तो लगदा गोडीसाठीच आहे, दावा बसत नाही.

आणि गूळ म्हणजे काय हेही नियमात आहे: कोरड्या वजनावर एकूण शर्करा किमान ९० टक्के, त्यात सुक्रोज, म्हणजे दाणेदार साखरेतली शर्करा, किमान ६० टक्के. त्याला ‘साखर नाही’ म्हणणं धाडसाचं आहे.

चहाटळ
पण मराठी माणसाला विचारा ना. ‘यात साखर आहे का?’ ‘नाही, गूळ आहे.’ या उत्तरात खोटं काय? आपल्या भाषेत साखर हा पदार्थ आहे, रसायनाचा वर्ग नाही. गुळाच्या चहाला कुणी साखरेचा चहा म्हणत नाही. कायद्याने इंग्रजी शब्दाची व्याख्या केली म्हणून मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही.

तोलमाप
बोलताना नाही बदलत. लेबलवर बदलतो. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत देवनागरीतून लागतो, मराठी जोडीला चालते, पण तिने मूळ मजकुराशी विसंगत काही सांगायचं नाही. मागे तक्त्यात ‘ॲडेड शुगर्स २५ ग्रॅम’ आणि पुढे मराठीत ‘साखर नाही’ हे एका डब्यावर कसं नांदणार? ‘गुळाचे लाडू’ लिहा. खरंही आहे आणि खपतंही जास्त.

दुभाषी
दावा काढायला सांगतो. तक्त्यातला शब्द तरी ठरवू या.

निरुक्त
तक्त्यात ‘शर्करा’ हवं, आणि त्याला कारण आहे. एकाच डब्यावर ‘शुगर’ दोन अर्थांनी येतं. घटकांच्या यादीत ‘शुगर’ म्हणजे फक्त सुक्रोज, आपली दाणेदार साखर. ग्लुकोज तिथे वेगळं लिहावं लागतं. तक्त्यातलं अनेकवचनी ‘शुगर्स’ म्हणजे सगळ्या एकशर्करा आणि द्विशर्करा: सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, लॅक्टोज. इंग्रजीत हा फरक एका ‘स’वर तोललेला आहे. चिलीत २०१६पासून पाकिटावर साखर जास्त असल्याचा इशारा देणारा जो काळा अष्टकोन येतो त्यावरही ‘असूकारेस’ (स्पॅनिशमध्ये ‘शुगर्स’) असं अनेकवचनच असतं. मराठीत ‘साखरा’ म्हणून बघा, कानाला कसं लागतं ते. म्हणून यादीत ‘साखर’, तक्त्यात ‘शर्करा’. दोन शब्द आयतेच आहेत.

गंमत म्हणजे मुळात शब्द एकच. संस्कृत शर्करा म्हणजे खडा, रेती. प्राकृतात सक्करा, तिथून साखर. फारसीत शकर, अरबीत सुक्कर. आयुर्वेदात मूत्रमार्गातल्या रेतीलाही शर्कराच म्हणतात.

चहाटळ
म्हणजे तत्सम शब्द रसायनाला आणि तद्भव डब्यातल्या साखरेला! वर ‘शुगर’ तिसऱ्यालाच, ‘त्यांना शुगर आहे’ म्हणजे मधुमेह. ज्याला शुगर आहे तोच मागचा तक्ता वाचतो, आणि त्याला ‘शर्करा’ म्हणजे आकाशवाणीवरचा शब्द वाटतो. तक्ता कळण्यासाठी असतो की शुद्ध दिसण्यासाठी?

निरुक्त
रक्तशर्करा हा शब्द वर्तमानपत्रांत रोज असतो. सोपं करण्याच्या नावाखाली चूक करू नये. ‘एकूण साखर ५ ग्रॅम’ असं साध्या दुधाच्या पिशवीवर वाचलं की गिऱ्हाईक विचारणार, दुधात साखर कुणी घातली? १०० मिलीत लॅक्टोज साधारण तेवढं असतंच. ‘एकूण शर्करा ५, वरून घातलेली ०’ म्हटलं की भांडण मिटतं.

वेलदोडा
‘वरून घातलेली’ झकास. ‘वरून मीठ घेऊ नका’ हे डॉक्टरही म्हणतातच. फक्त जागा जास्त खातं.

एक सांगा, ‘गुड’ म्हणजे संस्कृतातला गूळ, त्यावरून गौड देशाचं, म्हणजे जुन्या बंगालचं, नाव पडलं म्हणतात, ते कितपत खरं?

निरुक्त
व्युत्पत्ती देतात तशी. मला ती जुळवलेली वाटते. नाव आधी आणि कारण मागून, असं बहुतेक देशनामांचं होतं.

पाकसिद्धी
शब्द कुठलाही घ्या, आकडा तरी बरोबर काढा. तक्ते चुकतात ते असे.

घटकांचा क्रम कच्च्या वजनावर लागतो, जास्त ते आधी. पोषणतक्ता मात्र तयार मालाच्या १०० ग्रॅमवर. पुष्कळ जण दोन्हीकडे कच्चंच वजन धरतात. समजा एकूण १ किलो घटकांत ३०० ग्रॅम गूळ. ओलावा वजा करून शर्करा ८५ टक्के धरली तर २५५ ग्रॅम. भाजणीत आणि पाकात पाणी उडून लाडू भरले ९४० ग्रॅम, तर भागाकार ९४०ने करायचा: १०० ग्रॅमला २७.१, कच्च्या वजनावर आलेले २५.५ नव्हे. २० ग्रॅमच्या एका लाडवात ५.४ ग्रॅम. दिवसाला ५० ग्रॅम ‘ॲडेड शुगर’ हा लेबलसाठीचा संदर्भ आकडा आहे, म्हणजे जवळपास ११ टक्के. खजुराची शर्करा धरली तर ‘एकूण’ आणखी चढेल. लगदा गोडीसाठी घातला असल्यामुळे ती ‘घातलेली’त धरायची की नाही हे प्रयोगशाळेला लेखी विचारून घ्या. यंत्राला रेणू दिसतो, तो गुळातून आला की खजुरातून ते दिसत नाही. ते तुमच्या कृतीवरूनच काढावं लागतं.

आणि ‘सर्व्हिंग’ला ‘वाढप’ लिहू नका. ‘१ लाडू (२० ग्रॅम)’ लिहा.

वेलदोडा
‘वाढप’ला काय झालं? छान मराठी शब्द आहे.

पाकसिद्धी
वाढप हे पंगतीतलं काम. ‘वाढप २० ग्रॅम’ म्हणजे वाढप्याचं वजन!

दुभाषी
शर्करेचं ठरत आलंय तर ‘सोडियम’ही विचारतो. गटाचे पापडही आहेत. जुलै २०२४मध्ये एफएसएसएआयने एकूण साखर, मीठ आणि संपृक्त मेद ठळक, मोठ्या अक्षरांत दाखवण्याचा प्रस्ताव मंजूर केला, तेव्हा बातम्यांत ‘मीठ’च होतं. मी तक्त्यात ‘सोडियम’ऐवजी ‘मीठ’ लिहिलं तर लोकांना लगेच कळेल.

चहाटळ
लिहाच. सोडियम कुणी चाखलंय?

तोलमाप
पापडावर तर अजिबात नको. सोडियमला २.५ने गुणलं की मीठ, हा हिशेब सगळं सोडियम मिठातून आलं असेल तेव्हाच खरा. पापडात पापडखार असतो, नानकटाईत सोडा असतो. १० ग्रॅम खायच्या सोड्यात सुमारे २.७ ग्रॅम सोडियम. गुणाकार करून ‘मीठ ६.८ ग्रॅम’ छापाल, आणि त्यात मिठाचा कणही नसेल.

वेलदोडा
उलट, मीठ फक्त मिठाएवढंच लिहिलं तर रक्तदाबवाला पापडखाराचं सोडियम बिनघोर खाणार.

चहाटळ
मग ‘खारटपणा’ लिहा.

निरुक्त
सोडा मिठासारखा खारट नसतो, कडसर असतो. ‘क्षार’ चालेल.

पाकसिद्धी
क्षार? गावाकडे ‘पाण्यात क्षार आहेत’ म्हणजे बोअरचं जड पाणी. पापडावर क्षार वाचून कुणी घेणार नाही. सोडियम राहू द्या. पापड भाजलेला की कच्चा, कोणत्या वजनावर आकडा देताय ते आधी ठरवा. विकताय कच्चा, तर तक्ता कच्च्या १०० ग्रॅमचा, आणि तळणीत शोषलेलं तेल त्यात येत नाही.

वेलदोडा
‘तळणी’ की ‘तळण’? तळणी म्हणजे आमच्याकडे कढई.