४४०००१ : नुसता पिनकोड नव्हे

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की सहा-सात अंकी संख्यांत बघण्यासारखं काही उरत नाही. मला हे पटत नाही. आपल्या नागपूर जीपीओचाच पिनकोड घ्या, ४४०००१.

अंकांची बेरीज ९, आणि ९ ने निःशेष भाग जातो. म्हणजे देवळालीचे शाळामास्तर आणि गणिती कापरेकर यांची हर्षद संख्या, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी. भागाकार येतो ४८८८९, आणि ती चक्क मूळ संख्या! २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, एकानेही जात नाही. त्यामुळे विभाजक सहाच. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १९५५६९, संख्येच्या निम्मीही नाही; ही बेरीज संख्येपेक्षा कमी असली की ती न्यून संख्या. हे झालं नेहमीचं वर्गीकरण.

खरी मजा पुढे आहे. ४८८८९ ला ४ ने भागलं की बाकी १ उरते. अशी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतेच, आणि एकाच प्रकारे, हा फ्रेंच गणिती फर्माचा सिद्धांत. इथे ७५² + २०८². ९ म्हणजे ३², म्हणून ७५ आणि २०८ या दोन्हींना ३ ने गुणा:

२२५² + ६२४² = ५०६२५ + ३८९३७६ = ४४०००१

त्यातही २२५ म्हणजे १५² आणि ६२४ म्हणजे २५² − १. किती देखणं आहे हे! धरमपेठेचा ४४००१० सुद्धा हर्षद आहे, आणि त्याचीही अशी दोन वर्गांत फोड होते. कशी, ते कुणीतरी सोडवून इथे लिहा.